शहानिशेचा दिवस कोणाच्या खर्चाने?

ग्रामीण वार्ताहर चहापाण्यावर फिरतो, हे गृहीतक महाराष्ट्रात इतके मुरले आहे की ते मांडणाऱ्याला पुरावा देण्याची गरज वाटत नाही आणि ऐकणाऱ्याला तो मागण्याची. सप्टेंबर 2023 मध्ये भारतीय जनता पक्षाचे तत्कालीन प्रदेशाध्यक्ष चंद्रशेखर बावनकुळे यांची जी ध्वनिफीत गाजली, तिच्यातला कार्यकर्त्यांना दिलेला सल्ला याच गृहीतकावर उभा होता : पत्रकारांच्या याद्या करा, त्यांना ढाब्यावर चहाला न्या, म्हणजे विरोधातली बातमी येणार नाही. पत्रकारांना सन्मानाने वागवावे एवढाच आपला हेतू होता, असा खुलासा नंतर झाला. अशा वक्तव्यांना उत्तर म्हणून चारित्र्याचे धडे देण्याची आपल्याकडे रीत आहे. ‘दर्पण’ या वृत्तपत्राची आठवण म्हणून 6 जानेवारीला पत्रकार दिन साजरा होतो, बाळशास्त्री जांभेकरांच्या प्रतिमेला हार घातला जातो आणि व्यासपीठावरचे पाहुणे समोर बसलेल्या वार्ताहरांना निःस्पृहतेचा उपदेश करतात. सल्ला देणारा पुढारी आणि उपदेश करणारा पाहुणा या दोघांचेही म्हणणे मुळात एकच आहे, ते असे की पत्रकारितेतला नैतिक निर्णय वार्ताहर घेतो आणि चहाचा कप पुढे येतो त्या क्षणी घेतो. ते म्हणणे चुकीचे आहे.

भवानीनगरसारख्या गावात हे नीट दिसते. बारामती आणि इंदापूर यांच्या दरम्यान, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेल्या या ऊसपट्ट्यात श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याभोवती वस्ती, बाजार आणि राजकारण वाढले, आणि कारखान्याची निवडणूक विधानसभेच्या निवडणुकीइतकीच चुरशीची मानली जाते. राज्यातल्या अशा कोणत्याही गावचा वार्ताहर बहुधा पगारी नोकर नसतो. मिळालेच तर तुटपुंजे मानधन मिळते आणि खरी कमाई जाहिरातींच्या कमिशनवर चालते. दिवाळी, वर्धापनदिन आणि नेत्याचा वाढदिवस या निमित्तांनी पुरवणी निघते, तिच्यासाठी जाहिरातींचे ‘टार्गेट’ वृत्तपत्राच्या जिल्हा कार्यालयातून येते, आणि परिसरातले मोठे जाहिरातदार म्हणजे कारखाना, बँक, पतसंस्था, बाजार समिती आणि शिक्षणसंस्था. ज्यांच्याविषयी बातमी लिहायची त्यांच्याच दारात जाहिरातीसाठी उभे राहायचे, ही रचना वार्ताहराने निर्माण केलेली नाही. ढाब्यावरच्या चहापर्यंत गोष्ट येते तेव्हा निर्णय होऊन गेलेला असतो आणि तो वृत्तपत्राच्या वातानुकूलित दालनात झालेला असतो.

त्या दालनात काय होते ते 2009 च्या विधानसभा निवडणुकीने उघड केले. पैसे घेऊन छापलेला प्रचार बातमी म्हणून वाचकापुढे ठेवणे म्हणजे ‘पेड न्यूज’. पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिले की तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारा मजकूर एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या तीन दैनिकांत शब्दशः सारखा आला होता, तर निवडणूक खर्चात वृत्तपत्रीय जाहिरातींपोटी 5,379 रुपये दाखवले होते. निवडणूक आयोगाने जुलै 2014 मध्ये चव्हाणांच्या विरोधात दिलेला आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रद्द केला, त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने तो विषय तिथे थांबतो; पण तीन संपादकीय विभागांना एकच मजकूर एकाच भाषेत कसा सुचला, याचे उत्तर त्या निकालात नाही. प्रेस कौन्सिलने नेमलेल्या उपसमितीने वृत्तपत्रांची नावे घेऊन अहवाल दिला आणि कौन्सिलने 2010 मध्ये तो पूर्ण रूपात प्रसिद्ध करण्याचे टाळले. इतरांना आचारसंहिता शिकवणाऱ्या संस्थेने केलेली ही निवड महाराष्ट्रातल्या सगळ्या ढाब्यांवरच्या चहापेक्षा गंभीर होती.

या प्रश्नाचा सर्वांत खोल विचार बाबासाहेब आंबेडकरांनी केला, आणि पत्रकारितेच्या वर्गांत त्याला मिळते त्याहून कितीतरी अधिक जागा मिळायला हवी. जानेवारी 1943 मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त पुण्यात दिलेल्या भाषणात त्यांनी सांगितले की भारतातली पत्रकारिता एके काळी व्यवसायधर्म होती आणि आता व्यापार झाली आहे, साबण बनवण्याच्या धंद्याला जितके नैतिक कर्तव्य असते त्याहून अधिक कर्तव्य तिला उरलेले नाही. त्यांचा रोख लाचेपेक्षा विभूतिपूजेवर अधिक होता : पुढाऱ्याची प्रतिमा मोठी करणे हाच माल झाला की वृत्तपत्राला विकत घ्यावे लागत नाही, ते आपणहून त्या बाजूला जाते. वाढदिवसाच्या पुरवण्यांनी भरलेल्या आजच्या महाराष्ट्रात हे निदान जसेच्या तसे लागू पडते. आंबेडकरांना जाहिरातीच्या रकान्याचे राजकारण अनुभवाने ठाऊक होते. 1920 मध्ये त्यांचा ‘मूकनायक’ निघाला तेव्हा त्याची जाहिरात पैसे मोजूनही ‘केसरी’ने छापली नाही. जाहिरात घेणे हीच अनीती, हा सोपा समज या एका प्रसंगाने मोडतो, कारण इथे अन्याय जाहिरात नाकारण्यात होता. कोणाला जागा विकत मिळते, कोणाला फुकट मिळते आणि कोणाला पैसे देऊनही मिळत नाही, हे ठरवणे म्हणजेच वृत्तपत्राचे नैतिक चारित्र्य, आणि ते वार्ताहराच्या हातात नसते.

एवढ्यावर थांबता आले असते, पण ‘केसरी’चाच आणखी जुना प्रसंग या मांडणीला अडवतो. 1882 मध्ये कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्यावर गंभीर आरोप करणारा मजकूर टिळक आणि आगरकरांनी काही पत्रांच्या आधारे छापला. ती पत्रे बनावट निघाली, दोघांनी माफी मागितली, तरी चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले. या दोघांना कोणी विकत घेतले नव्हते. जाहिरातीचे टार्गेट नव्हते, मालकाचा दबाव नव्हता, हेतू कोल्हापूरच्या छत्रपतींच्या रक्षणाचा होता. तरीही खोटे छापले गेले, कारण कागद तपासण्याआधी त्यावर विश्वास बसला. तेव्हा रचना बदलली की नीती आपोआप येईल, हा दावा सोडावा लागतो. पैशापासूनची मुक्तता आवश्यक आहे, पुरेशी नाही. शहानिशा हे वेगळे काम आहे आणि ते कोणीतरी एका माणसानेच करायचे असते.

ऊसपट्ट्यात या कामाची किंमत रुपयांत सांगता येते. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेली एफआरपी, म्हणजे उसाला कायद्याने द्यावा लागणारा रास्त आणि किफायतशीर दर, 10.25 टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये आहे आणि त्यावरच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.46 रुपये वाढतात. उतारा म्हणजे गाळलेल्या उसातून मिळालेल्या साखरेचे प्रमाण. या हिशेबाने दशांश चिन्हानंतरचा एक आकडा टनाला 34.60 रुपयांचा आहे आणि शंभर टन ऊस घालणाऱ्या सभासदाला 3,460 रुपयांचा. कोणत्याही कारखान्याचे प्रसिद्धिपत्रक उताऱ्याचा आकडा देते, सभासदांच्या हाती वार्षिक सभेचा अहवाल असतो आणि पुण्यात साखर आयुक्तालयाकडे थकबाकीची नोंद असते. या तीन कागदांचा मेळ न घालता प्रसिद्धिपत्रक तसेच छापणारा वार्ताहर लाच न घेताही सभासदाचे नुकसान करू शकतो, आणि कारखान्याच्या विरोधकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला आकडा तसाच छापणारा वार्ताहर 1882 ची चूक पुन्हा करतो.

हा मेळ घालायला एक दिवस लागतो, पुण्यापर्यंतचे एसटीचे भाडे लागते, आणि त्या दिवशी जाहिरात गोळा होत नाही. शिवाय बातमीची किंमत कधी जिवानेही मोजावी लागते : फेब्रुवारी 2023 मध्ये राजापूरला पत्रकार शशिकांत वारिशे यांनी रिफायनरी समर्थकाविषयी बातमी छापली आणि त्याच दिवशी गाडीखाली चिरडले गेले. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्धचा 2017 चा कायदा तेव्हा राज्यात अस्तित्वात होता. तालुक्यातल्या एकट्या माणसाकडून अशी जोखीम मागणाऱ्या वृत्तपत्रांनी निदान बातमी आणि जाहिरात ही दोन कामे एकाच माणसाकडे ठेवणे थांबवावे, पुरवणीच्या प्रत्येक विकलेल्या पानावर ‘जाहिरात’ असे ठळक छापावे, आणि शहानिशेच्या त्या एका दिवसाची मजुरी पुढच्या गळीत हंगामाआधी आपल्या ताळेबंदात खर्च म्हणून दाखवावी.