शमीवरचं गाठोडं

सुरतच्या नवागाम-डिंडोली भागात खानदेशातून आलेली मराठी कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात. दसऱ्याला सोनं वाटताना अशा घरांत शमीची गोष्ट निघते. विराटनगरीत शिरण्यापूर्वी पांडवांनी धनुष्यांच्या दोऱ्या उतरवल्या. नकुलाने झाडावर चढून, पाऊस लागणार नाही अशा जागी शस्त्रं घट्ट बांधली. कुणी जवळ फिरकू नये म्हणून तिथे प्रेतही टांगलं.

शस्त्र गुंडाळून ठेवणं हा त्याग म्हणायचा का?

त्या पांडवांपैकीच अर्जुन पुढे कुरुक्षेत्रावरही धनुष्य खाली टाकतो. पण तिथे तो शोकाने हातपाय गाळून बसलेला असतो, आणि कृष्ण त्याला त्याग मानत नाही. शमीपाशी मन थाऱ्यावर होतं, म्हणून ती बांधाबांध अधिक मोलाची वाटते.

आजही प्रवासाआधी तिरंदाज रिकर्व्ह धनुष्याची दोरी काढतात, मूठ आणि पाती सुटी करून फोमच्या खाचांत बसवतात. बाण वेगळ्या नळीत. कंपाउंड धनुष्य मात्र सहसा दोरीसकटच पेटीत जातं, कारण ती उतरवायला प्रेस हे खास यंत्र लागतं. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला याच प्रकारात जगज्जेते झाले. ताण तसाच, नेम तसाच. फक्त ५० मीटरवर शत्रूऐवजी कागदाचं लक्ष्य होतं.