धीर कोणास द्यावा?

दुःख राव-रंक ओळखत नाहीं, असें आपण सहज म्हणतों. हें विधान अर्धेंच खरें होय. कर्करोगाची गांठ दोघांच्या देहांत एकाच रीतीनें वाढते. तिचें भय मात्र तसें वाढत नाहीं.

परळचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं उघडलें. तेथें देशाच्या कानाकोपऱ्यांतून रोगी येतात. खोलीचें भाडें न परवडणारे कित्येक जवळच्या पदपथावर राहतात. मार्च २०२० मध्यें करोनामुळें टाळेबंदी झाली, प्रवासी आगगाड्या थांबल्या. केमोथेरपीची पाळी तर ठरलेली. आणि त्या औषधानें रक्तांतील पांढऱ्या पेशी घटून देह सांथीपुढें उघडा पडतो. जावें तर संसर्ग, न जावें तर गांठ! हा पेंच धनिकासही होता, व त्याचें दुःख खोटें नव्हे. पण रोजंदारी बुडालेल्या रोग्यापुढें आणखी एक प्रश्न होता: उरला पैसा औषधास घालावा, कीं मुलांच्या ताटास?

अशा रोग्याची झोंप उडाली, तर तिला मनोविकार म्हणावें काय? आम्हांस हें नांव पटत नाहीं. ज्यास आधार नाहीं तो भ्रम; येथें तर भयाचा हिशेब पैपैचा बरोबर आहे. समुपदेशकाच्या शब्दांनीं मन हलकें होतें, हें आम्ही मानतों. परंतु ज्याच्या खिशांत परतीचें भाडें नाहीं, त्यास केवळ ‘चिंता करूं नका’ असें सांगणें म्हणजे समाजाच्या वांट्याचें ओझें त्याच्या मनावर लोटणें होय. पुढें तो खचला, तर दोषही त्याच्याच दुबळ्या मनाचा ठरतो.