कोणता फरक, आणि कशासाठी?

स्त्री-पुरुषांच्या शरीरांत फरक आहे, म्हणून त्यांनी वेगवेगळे खेळावे, हे म्हणणे इतके सरळ वाटते की त्यातली गफलत पटकन लक्षात येत नाही. प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या पाचव्या भागात ती नेमकी पकडली आहे. टक्कल पडलेला आणि केसाळ माणूस यांच्यातही फरक असतोच; मग एक चांभारकाम करतो म्हणून दुसऱ्याला त्याची मनाई करायची का, असे त्याचा सॉक्रेटिस विचारतो. फरक आहे की नाही हा मुद्दाच नव्हे. हाती घेतलेल्या कामाशी त्या फरकाचा संबंध काय, हे पाहायचे. स्त्रिया तुलनेने दुबळ्या असतात असे प्लेटो मानत होता, तरीही त्याने त्यांना पुरुषांबरोबर आखाड्यात आणले. लोक हसतील, हेही तो जाणून होता.

सर्वांत वेगवान कोण हे ठरवायचे असेल, तिथे वेगळे गट न्याय्यच आहेत. पण पालिकेच्या मैदानावर संध्याकाळी भरणाऱ्या हौशी लीगचे काम ते नव्हे; शेजाऱ्यांनी एकत्र खेळावे, हे तिचे काम. यावरचा खरा आक्षेप वेगळाच आहे: मिश्र संघात बायका नावापुरत्या उरतील, चेंडू पुरुषांकडेच फिरेल. हे घडते, नाकारण्यात अर्थ नाही. मात्र दोष एकत्र खेळण्याचा नसून नियमांचा आहे. 1902 साली अ‍ॅमस्टरडॅममधले शिक्षक निको ब्रुकहाउसेन यांनी कॉर्फबॉल रचला, तो मुलामुलींनी एकत्र खेळण्यासाठीच. आज संघात चार स्त्रिया, चार पुरुष असतात. पुरुषाने पुरुषाला आणि स्त्रीने स्त्रीलाच अडवायचे. चेंडू घेऊन धावायचे नाही. नुसत्या ताकदीवर हा सामना जिंकता येत नाही. खेळातला न्याय असा माणसाने घडवावा लागतो.

राहिला मर्यादेचा प्रश्न. वारीत रिंगण झाल्यावर त्याच मैदानात पुरुष फुगडी घालतात, बायकाही घालतात. त्याने भक्ती बाटली असे कोणी म्हणत नाही. ज्यांना फक्त बायकांमध्येच मोकळे वाटते त्यांची राखीव वेळ मात्र काढून घेऊ नये. उद्याने आणि क्रीडांगणे हा विषय 74 व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांच्या यादीत घातला आहे, आणि महाराष्ट्रात 2011 पासून या संस्थांतल्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी आहेत. सभागृहात शेजारी बसणाऱ्या नगरसेवक-नगरसेविकांनी आठवड्यातली एक संध्याकाळ, एक मैदान आणि निम्म्या-निम्म्या संघांचा नियम एवढे तरी यंदाच्या अंदाजपत्रकात मंजूर करावे.