शपथ मोडणाऱ्याचा बुरूज

पॅरिसच्या एत्येन मार्सेल रस्त्यावर शाळेला खेटून एक चौकोनी दगडी बुरूज उभा आहे. बर्गंडीच्या ड्यूकचा भलामोठा वाडा इथे होता. राजा पहिल्या फ्रान्स्वाने १५४३ मध्ये तो तुकड्यातुकड्यांनी विकायला काढला, पुढे एका तुकड्यावर नाटकगृह झालं. वाडा गेला, बुरूज राहिला. तो १४०९ ते १४११ च्या दरम्यान बांधला ड्यूक ज्याँने, ज्याला इतिहास ‘निर्भय’ म्हणतो.

मी सत्र न्यायालयात फौजदारी वकिली केली. ‘त्याला मारणं भागच होतं’ असं शांतपणे सांगणारी माणसं जवळून पाहिली, त्यांची बाजूही मांडली. त्यामुळे या बुरुजापाशी मला वास्तुकलेआधी खटला आठवतो.

२३ नोव्हेंबर १४०७ च्या रात्री ज्याँच्या मारेकऱ्यांनी त्याचा चुलतभाऊ, ऑर्लेआँचा ड्यूक लुई, याला पॅरिसच्या रस्त्यात ठार केलं. लुई तेव्हाच्या फ्रेंच राजाचा सख्खा भाऊ. दोघा चुलतभावांनी आधी सलोख्याच्या शपथा घेतल्या होत्या. ज्याँ अंत्ययात्रेलाही गेला. गुन्हा त्याने कबूल केला, पण शिक्षा झाली नाही. ८ मार्च १४०८ रोजी ज्याँ पती या धर्मशास्त्र्याने दरबारासमोर सुमारे चार तास ड्यूकची बाजू मांडली. बारा प्रेषितांच्या सन्मानार्थ बारा कारणं दिली आणि निष्कर्ष काढला की लुई जुलमी होता, म्हणून त्याला मारणं पुण्यच.

या युक्तिवादावर तुटून पडला पॅरिस विद्यापीठाचा कुलपती ज्याँ जेर्सों. १४१५ मध्ये कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेने ते मत पाखंडी ठरवलं. पती किंवा ड्यूक यांचं नाव मात्र घेतलं नाही. परिषदेने निषिद्ध ठरवलेलं विधान असं होतं: कोणीही प्रजाजन, कपटानेसुद्धा, दिलेली शपथ न जुमानता, न्यायाधीशाच्या निकालाची वाट न पाहता, जुलमी माणसाला मारू शकतो. मला यातले शेवटचे दोन भाग सर्वांत मोलाचे वाटतात. जुलूम असतो, त्याचा प्रतिकारही करावा लागतो. पण समोरचा जुलमी आहे हे ठरवायचं कोणी? त्याच्याशी वैर असलेल्यानेच ठरवायचं आणि तेवढ्यावर आपला शब्दही मोडायचा, असं म्हटलं की धर्माच्या हाती काहीच उरत नाही.

बुरुजाच्या गोल जिन्याच्या माथ्यावर दगडात वेलबुट्टी कोरली आहे. ओकच्या फांद्या ज्याँच्या वडिलांसाठी, हॉथॉर्न आईसाठी, हॉपचा वेल त्याच्या स्वतःसाठी. काम इतकं नाजूक आहे की मान दुखेपर्यंत पाहत राहावं. मला अस्वस्थ करतं ते हेच. आईवडिलांना दगडात इतक्या मायेने जपणारा माणूस राक्षस नसतो. आरोपीच्या पिंजऱ्यातही मी असे भले मुलगे पाहिलेत. पतीचा युक्तिवाद दुष्टांपेक्षा अशा माणसांसाठी अधिक घातक, कारण त्यांना मनाची समजूत घालायला पुण्याचं कारण लागतं.

ज्याने शपथ निरर्थक ठरवली, त्याला इतरांच्या शपथेवर विसंबता येत नाही. त्याच्यासाठी अशा बुरुजाची भिंतच उरते. तीही पुरली नाही. १० सप्टेंबर १४१९ रोजी मोंतेरोच्या पुलावर ड्यूक ज्याँ फ्रान्सच्या युवराजाला भेटायला गेला. दोन्ही बाजूंनी अभयाच्या शपथा झाल्या होत्या. युवराजाच्या माणसांनी त्याला तिथेच मारलं. त्याच्या वारसाने मग इंग्रजांशी हातमिळवणी केली आणि फ्रान्स आणखी होरपळला.

न्याय अनेकदा उशिरा येतो, कधी येतच नाही. वकिलाला हे कोणी सांगायला नको. तरीही मी जेर्सोंच्याच बाजूने उभा राहीन. ज्याचं वैर आहे त्याने निवाड्याला बसू नये, आणि कोणत्याही धर्माने त्याला ती जागा देऊ नये.