दिवाळं काढण्याचा हक्क

गेल्या वर्षी एका दिवाळी अंकात आमच्या एका स्नेह्यांनी लिहिलं की, मराठी मध्यमवर्गाची कर्ज फेडण्याची दानतच संपली आणि याला कायदा जबाबदार आहे. कर्जदाराला इतकी कवचकुंडलं दिली आहेत की हप्ता बुडवणं हा आता गुन्हा राहिलेला नाही, छंद झाला आहे. स्नेही बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. पेन्शन वेळेवर, घर कर्मचाऱ्यांच्या सवलतीच्या व्याजात घेतलेलं. लेखात कौटिल्य होता, मॉरल हॅझर्ड होता आणि आजोबांनी शेत विकून सावकाराची पै न् पै चुकती केल्याची अभिमानाची आठवणही होती. शेत गेल्याचं दुःख मात्र लेखभर कुठे सापडलं नाही.

हप्ता बुडवणं हा मुळात गुन्हा कधी नव्हताच. फेडायची ऐपतच नसलेल्या माणसाला केवळ देणं थकलं म्हणून तुरुंगात टाकता येणार नाही, हे न्या. कृष्णा अय्यर यांनी जॉली जॉर्ज व्हर्गिस खटल्यात १९८० सालीच सांगून ठेवलं आहे. (चेक न वटण्याचा खटला तेवढा फौजदारी, आणि वसुलीवाल्यांचं ते लाडकं हत्यार.) मग कवचकुंडलं ती कोणती? तारण कर्जाचे हप्ते नव्वद दिवस थकले की खातं अनुत्पादक ठरतं आणि २००२ चा सरफेसी कायदा जागा होतो. साठ दिवसांची नोटीस, मग ताबा, मग लिलाव. दिवाणी कोर्टाचं दार कलम ३४ ने बंद केलेलं. मूळ कायद्यात तर बँकेविरुद्ध न्यायाधिकरणात जायचं असेल तर आधी ७५ टक्के रक्कम भरा, अशी अट होती. २००४ साली मार्डिया केमिकल्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती उडवली. ज्याच्या खिशात ७५ टक्के आहेत तो न्यायाधिकरणात कशाला तडफडेल? सरळ बँकेत जाऊन तडजोड करील.

उरलेली आयुधं सांगतो, कारण ती कर्जदाराला वेळेवर कोणी सांगत नाही. नोटीस मिळाल्यावर लेखी हरकत द्यावी. बँकेने पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर दिलंच पाहिजे. ते पटलं नाही तरी लगेच कुठे दाद मागता येत नाही. ताब्याची कारवाई झाली की ४५ दिवसांत कलम १७ खाली कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज करायचा. तिथे हरलात तर अपिलाला निम्मी रक्कम भरा, फार विनवण्या केल्या तर पाव. शेतजमिनीला हा कायदा लागत नाही. देणं मुद्दल आणि व्याज मिळून होणाऱ्या रकमेच्या २० टक्क्यांच्या आत आलेलं असेल तरीही लागत नाही. घर सोडवण्याची मुदत पूर्वी लिलाव पुरा होईपर्यंत असे. २०१६ च्या दुरुस्तीने ती लिलावाची जाहिरात छापून येईपर्यंतच आणून ठेवली आणि २०२३ मध्ये बाफना मोटर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्का मारला. म्हणजे मेहुण्याने ऐनवेळी पैसे आणून घर वाचवायचं, हा जुन्या नाटकांतला तिसरा अंक आता कायद्याने रद्द. सहकारी बँक आपली, गावातली, चेअरमन ओळखीचे, म्हणून ती असं करणार नाही हा भ्रमही २०२० साली फिटला. कोल्हापूरकडच्या मुरगूडच्या सहकारी बँकेच्याच प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवलं की सहकारी बँकांनाही सरफेसी वापरता येतो.

ताब्याची जाहिरात स्नेह्यांनी वर्तमानपत्रात कधी नीट वाचली असेल का, मला शंका आहे. बारीक टायपात कर्जदाराचं नाव, खाली सहकर्जदार म्हणून बहुधा बायकोचं, रुपये-पैशांपर्यंत थकबाकी, विंग, मजला, चटईक्षेत्र, चतुःसीमा. नियमानुसार ती दोन वर्तमानपत्रांत छापावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं, म्हणजे शेजाऱ्यांना कळल्यावाचून राहू नये. तीच नोटीस दारावर चिकटवतात आणि पुरावा म्हणून तिचा फोटो काढतात. छंदाला एवढी प्रसिद्धी क्वचितच मिळते.

आमच्या ओळखीत भोसरीत दोन लेथवर जॉबवर्क करणारे एक गृहस्थ आहेत. मोठ्या कारखान्याने बिलं अडकवली, त्यात वडिलांची बायपास. घराचा हप्ता भरायला पर्सनल लोन, त्याचा हप्ता भरायला क्रेडिट कार्ड, ते भरायला पतसंस्था. पतसंस्थेला जामीनदार लागतात; एक शाळेतले गुरुजी राहिले. वसुलीच्या माणसाने सकाळी आठ ते संध्याकाळी सात एवढ्याच वेळात फोन करायचा, हा रिझर्व्ह बँकेचा नियम या गृहस्थांना पाठ होता, कारण आठ वाजून एक मिनिटाने फोन वाजायचा. पुढे पतसंस्थेने सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला मिळवला आणि गुरुजींच्या पगारातून कपात सुरू झाली. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच. आधी कोणाला धरायचं हे धनको ठरवतो. गुरुजी समोरून दिसले की गृहस्थ गल्ली बदलत. शेवटी घर लिलावात गेलं, तेही बाजारभावापेक्षा बरंच कमी किमतीला. आणि मग बाकी रकमेचं पत्र आलं. ते मला म्हणाले, “घर गेलं, ठीक आहे. पण घर देऊनही खातं मिटत नाही, हे सही घेताना कुणी बोललं नव्हतं.” कायदा त्यांच्या बाजूने नाही. सरफेसीच्या कलम १३(१०) प्रमाणे लिलावात पुरेसे पैसे आले नाहीत तर उरलेल्या रकमेसाठी बँक पुन्हा मागे लागू शकते. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आपल्या भाच्याने राहतं घर घेण्यासाठी काढलेल्या मूळ कर्जाला हे लागू नाही. घर गेलं की तिथे प्रकरण संपतं.

इथवर मी स्नेह्यांना चांगलंच झोडपलं. पण त्यांच्या आक्षेपाचा गाभा असा उडवून लावता येत नाही, कारण तो दीडशे वर्षांपूर्वी याच मुलखात तपासून झाला आहे. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांची खतं जाळली. दंगा पसरला तरी माणसांना इजा फारशी झाली नाही, राग कागदांवर होता. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला, आधी पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांत. आजच्या वकिलाला हेवा वाटावा असा कायदा! खतावर काय लिहिलंय ते बाजूला ठेवून न्यायाधीशाने व्यवहाराचा सगळा इतिहास उकरायचा. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला अटक नाही. जमीन स्पष्ट तारण दिलेली नसेल तर तिचा लिलाव नाही. हप्ते बांधून द्यायचे. आणि दिवाळखोरीचं एक अख्खं प्रकरण, ज्याकडे फारसं कोणी वळलं नाही.

या कायद्याखालच्या निकालांची तपासणी करत चार जिल्हे फिरणं, हे काम १८८० च्या दशकात न्यायमूर्ती रानड्यांकडे होतं. मला रानडे आवडतात ते याच काळातले, दौऱ्यावरचे, दप्तरं उलगडणारे. व्याख्यानातले रानडे सगळ्यांनाच ठाऊक असतात. त्यांच्यासमोरच्या प्रकरणांत सावकार किती चपळ आहे ते दिसत होतं. गहाणखत कोर्टात उकरलं जातं म्हटल्यावर त्याने गहाण लिहून घेणंच सोडलं आणि सरळ खरेदीखत करून घेऊ लागला. पैसे फेडलेस तर जमीन परत देईन, हा तोंडी शब्द. १९०७ मध्ये कायदा दुरुस्त करून अशा खरेदीमागचं गहाण तोंडी पुराव्याने सिद्ध करू द्यावं लागलं. आजही बेकायदा सावकार खरेदीखतच लिहून घेतो; २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यात जिल्हा निबंधकाला अशी जमीन परत देण्याचे अधिकार द्यावे लागले ते त्यामुळेच. रानड्यांनी १८९१ मध्ये तारण-कर्जाच्या पुनर्रचनेवर निबंध वाचला. त्यात युरोपातल्या जमीन-तारण संस्था तपासून इथेही तशी व्यवस्था मागितली. धनकोचे हात बांधले की ऋणको सुटतो, असं त्यांनी मानलं नाही.

म्हणून स्थगिती, मुदतवाढ आणि आणखी एक अपील, ही मागणी मी करणार नाही. स्थगितीचा खरा लाभ ज्याला तारखेला वकील उभा करता येतो त्याला होतो. भोसरीच्या गृहस्थांना स्थगिती मिळाली असती तर आणखी वर्षभर व्याज चढलं असतं, एवढंच. सावकाराला निदान दामदुपटीची मर्यादा होती, थकलेलं व्याज मुद्दलापलीकडे मागता येत नसे. बँकेचा व्याजदर जास्त आहे म्हणून हिशोब उघडायला मात्र बँकिंग नियमन कायद्याचं कलम २१ए न्यायालयाला मनाई करतं.

हवा आहे तो शेवट. कंपन्यांना तो मिळतो. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेखाली औरंगाबादच्या व्हिडिओकॉन समूहाचे ६४,८३८ कोटींचे दावे २,९६२ कोटींत मिटवण्याची योजना २०२१ मध्ये मुंबईच्या कंपनी न्यायाधिकरणाने मंजूर केली. सूट ९५ टक्क्यांहून जास्त. पुढे अपिलात योजना रद्द झाली, पण धनको बँकांनी हात वर केले होते, हे विसरायला नको. तुकोबांनी इंद्रायणीत खतं बुडवली ती परंपरेप्रमाणे आपल्या वाटणीची; भावाच्या वाटणीची शाबूत राहिली. संताच्या घरातसुद्धा सूट पन्नास टक्केच! जून २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने हेतुपुरस्सर थकबाकीदारांशीही तडजोडीची मुभा दिली, तेव्हा बँक कर्मचारी संघटनांनी आरडाओरडा केला. मॉरल हॅझर्डवर आमच्या स्नेह्यांची लेखणी त्या महिन्यात चालली नाही.

त्याच संहितेचा तिसरा भाग तुमच्या-माझ्यासाठी लिहिलेला आहे. परतफेडीची योजना, ती फसली तर दिवाळखोरी आणि मग मुक्तता, असा क्रम. अगदी तळाच्या माणसाला ‘नवी सुरुवात’ आहे: वार्षिक उत्पन्न ६० हजारांच्या आत, मालमत्ता २० हजारांच्या आत, देणं ३५ हजारांच्या आत आणि स्वतःचं घर नसावं. आकडे हास्यास्पद आहेत, पण निदान लिहिलेले तरी आहेत. संसदेने २०१६ मध्ये मंजूर केलेला हा भाग डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जांना वैयक्तिक हमी देणाऱ्यांना. बाकीच्यांना अजून इंग्रजांचे कायदे: मुंबईत १९०९ चा, बाहेर १९२० चा. तिथे नादारीचा अर्ज करता येतो, तारणाचं घर त्याने वाचत नाही, पण लिलावानंतर मागे राहिलेलं देणं मिटू शकतं. वकिलांना विचारलं तर निम्म्यांना ते कायदे अजून जिवंत आहेत हे आठवत नाही. जामीन राहिलेल्या गुरुजींना मात्र कर्जदाराच्या नादारीने सुटका नाही, आणि तिसऱ्या भागातही त्याचं उत्तर मला दिसलेलं नाही.

तो भाग सर्वांना लागू करायला नवा कायदा लागत नाही, राजपत्रात अधिसूचना लागते. आमच्या स्नेह्यांनी यंदा ही अधिसूचना का निघू नये, यावर लिहावं. आकडे मी पुरवीन.