निवड आणि विवेक

निवडणारा कोणी नसताना निवड होऊ शकते काय, हा प्रश्न आपल्या दर्शनकारांना नवा नव्हता. ईश्वरकृष्णाने सांख्यकारिकेत दुधाचा दृष्टान्त दिला आहे: दूध जड असूनही वासराच्या पोषणासाठी स्रवते, तद्वत् अचेतन प्रकृती पुरुषासाठी प्रवृत्त होते. त्यावर शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात आक्षेप घेतला तो असा की, त्या दुधामागे गाईचे वात्सल्य आणि वासराचे चोखणे, म्हणजे चेतनाचीच प्रेरणा उभी असते. पेशीच्या आवरणातील पोटॅशियमच्या मार्गाविषयी वाचताना हा वाद मला नव्याने जिवंत झालेला दिसला.

आपल्या पेशींत पोटॅशियम लिटरमागे सुमारे 140 मिलिमोल आणि बाहेर अवघे चार. सोडियमची स्थिती नेमकी उलटी. हा भेद ऊर्जा खर्चून राखणारे प्रथिन निराळे आहे. मी ज्याविषयी लिहितो आहे ते प्रथिन काहीच खर्चत नाही. ते केवळ वाट देते, आणि त्या वाटेने पोटॅशियमचे आयन बाहेर पडल्यामुळे आतली बाजू ऋणभारित राहते व मज्जातंतूतून एक स्पंद गेला की तंतू पुन्हा पूर्वस्थितीवर येतो. सेकंदाला सुमारे दहा कोटी आयन या वाटेने जाऊ शकतात, आणि इतक्या घाईतही दहा हजार पोटॅशियमांमागे जेमतेम एखादा सोडियम निसटतो. नवल असे की सोडियमचा आयन लहान आहे: त्याची त्रिज्या 0.95 अँगस्ट्रॉम, तर पोटॅशियमची 1.33. मोठ्याला मुभा आणि लहानाला मज्जाव, हा शिरस्ता कोणत्याही चाळणीचा नव्हे.

वैद्यकाचा व्यवसाय सोडून संशोधनाकडे वळलेल्या रॉडरिक मॅकिनन यांनी 1998 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात, स्ट्रेप्टोमायसीस लिव्हिडन्स या मातीतल्या जिवाणूच्या अशाच प्रथिनाचे स्फटिक करून क्ष-किरणांनी त्याचे रूप उलगडले. 2003 च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. चार सारखी उपएकके एका अक्षाभोवती उभी. मध्ये पाण्याने भरलेली पोकळी. आणि तिच्या वर बारा अँगस्ट्रॉम लांबीची अरुंद वाट, जिच्या भिंतींतून ऑक्सिजनचे अणू आत डोकावतात. आयन पाण्यात एकटा कधीच नसतो; पाण्याचे रेणू त्याला बिलगलेले असतात, आणि या वाटेत शिरायचे तर ते वस्त्र उतरवून ठेवावे लागते. पोटॅशियमने ते उतरवले की भिंतींतले ऑक्सिजन, पाण्यातले जितक्या अंतरावर होते तितक्याच अंतरावर, त्याला वेढतात. त्याचे काहीच हरवत नाही. सोडियम लहान, म्हणून ते ऑक्सिजन त्याच्यापासून दूर पडतात, आणि सोडलेल्या पाण्याची भरपाई त्याला मिळत नाही. त्याला कोणी अडवत नाही. त्याचे तेथे स्वागत होत नाही, इतकेच. मला या एका गोष्टीपाशी बराच वेळ थांबावेसे वाटते, कारण निषेधावाचून निवड होते हे मी अन्यत्र क्वचितच पाहिले आहे.

पण इतके जमलेले स्थान आयनाने सोडावे का? हॉजकिन आणि कीन्स यांनी 1955 मध्येच सेपिया या समुद्रप्राण्याच्या मज्जातंतूवरून अनुमान केले होते की हे आयन एकामागे एक, एका रांगेत जातात. अरुंद वाटेत साधारण दोन आयन एका वेळी असतात, आणि समान विद्युत्भारामुळे ते एकमेकांना दूर लोटतात. मागून नवा आला की पुढचा बाहेर पडतो. आसक्ती आणि त्याग असे दोन्ही शब्द येथे सुचतात, पण ते आपले आहेत, त्या वाटेचे नव्हेत.

आता वादाकडे. येथे गाय नाही, वासरूही नाही. चार प्रथिनांचा आकार आहे आणि विद्युत्भाराचा नियम आहे. तेव्हा शंकराचार्यांचा आक्षेप या ठिकाणी लागू पडत नाही. पण म्हणून सांख्यांचा पक्ष सिद्ध झाला असेही नाही, कारण त्यांची प्रकृती कोणासाठी तरी प्रवृत्त होते आणि हे द्वार कोणासाठीच उघडत नाही; हेतू त्यात आपण पाहतो. माझा निर्णय असा की, निवडीला निवडणारा लागत नाही, विवेकाला मात्र लागतो. एखादा सोडियम निसटून गेला तर त्या वाटेला चूक झाल्याचे कळत नाही, आणि ज्याला आपली चूक कळू शकत नाही त्याच्या निवडीला विवेक म्हणणे मला मान्य नाही.

त्या अरुंद वाटेतील पाच अमिनो आम्लांचा क्रम जिवाणूत आणि माणसाच्या मेंदूत जवळजवळ एकच आहे.