दैव, जुगुप्सा आणि आतड्याची तपासणी

ज्या व्यक्तीला कसलाही त्रास जाणवत नाही, तिने आपल्या शरीरात रोग दडला आहे का हे शोधणे तिचे कर्तव्य ठरते काय, आणि तिने नकार दिला तर तो तिच्या स्वातंत्र्याचा आविष्कार मानावा की परिस्थितीने तिच्यावर लादलेला समजावा, हा प्रश्न मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या बाबतीत विशेष टोकदार होतो. हा रोग बहुधा आतड्याच्या अस्तरावर वाढणाऱ्या पॉलिप नावाच्या मांसल उंचवट्यापासून सुरू होतो, आणि पॉलिपचा कर्करोग होण्यास साधारणपणे दहा किंवा त्याहून अधिक वर्षे लागत असल्याने, तो वेळीच काढून टाकला तर पुढचा रोग होतच नाही. त्यासाठी विष्ठेतील डोळ्यांना न दिसणारे रक्त शोधणारी चाचणी करतात आणि तीत रक्त आढळल्यास कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून कॅमेरा असलेली लवचीक नळी आत घालून केलेली पाहणी. काही देश आरंभीच कोलोनोस्कोपीचा मार्ग धरतात. इतके असूनही निमंत्रण मिळालेल्यांपैकी फार मोठा वर्ग तपासणीला येत नाही.

या अनुपस्थितीचे एक प्रचलित स्पष्टीकरण दैववादाचे आहे. अमेरिकेत बार्बरा पॉव या संशोधिकेने १९९० च्या दशकात वृद्ध कृष्णवर्णीयांचा अभ्यास करताना ‘कर्करोग म्हणजे अटळ मृत्यू’ ही धारणा आणि विष्ठाचाचणी टाळणे यांचा संबंध तपासला, आणि ‘कर्करोगविषयक दैववाद’ ही संकल्पना या क्षेत्रात रुळली. भारतीय परंपरेत हाच वाद फार जुना आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात आयुष्याची मर्यादा आधीच ठरलेली असते काय असे अग्निवेश विचारतो, तेव्हा आत्रेय दैव आणि पुरुषकार, म्हणजे पूर्वजन्मीचे कर्म आणि या जन्मीचा प्रयत्न, अशा दोहोंवर आयुष्य अवलंबून असल्याचे सांगतो. ते सर्वस्वी नियत असते तर औषधोपचारालाच नव्हे, धोका टाळण्याच्या साध्या धडपडीलाही अर्थ उरला नसता, असा त्याचा युक्तिवाद आहे. ही चर्चा ज्या अध्यायात येते त्याचा विषय जनपदोद्ध्वंस, म्हणजे संपूर्ण प्रदेशावर ओढवणारी रोगराई, हा आहे, याकडे मात्र सहसा लक्ष दिले जात नाही. दैवाचा प्रश्न येथे एकट्या रोग्यापुरता नसून लोकसमूहाच्या संदर्भात उपस्थित झाला आहे.

दुसरे स्पष्टीकरण जुगुप्सेचे, म्हणजे किळसेचे. विष्ठेचा नमुना स्वतः घेणे बहुतेक संस्कृतींमध्ये अप्रशस्त मानले जाते, आणि भारतीय शौचविचारात तर मलाचा स्पर्श हे अशुद्धीचे ठळक कारण आहे. पतंजलीच्या योगसूत्रांत शौचाचे एक फळ म्हणून स्वतःच्या शरीराविषयीची जुगुप्साच सांगितली आहे. परंतु त्याच परंपरेतील वैद्यांच्या अष्टविध परीक्षेत नाडी आणि मूत्राबरोबर मलाचेही परीक्षण येते, तेव्हा धर्मविचाराने ज्याकडे पाठ फिरवली त्याकडे वैद्यकाने निरखून पाहिले, असे म्हणावे लागते. किळस खरी असते, पण ती श्रद्धेइतकी दृढ असतेच असे नाही. इंग्लंडमध्ये जुन्या चाचणीसाठी तीन वेगवेगळ्या वेळच्या विष्ठेचे नमुने द्यावे लागत, तर एफआयटी या नव्या चाचणीला एकच नमुना पुरतो. दोहोंची तुलना करणाऱ्या प्रायोगिक टप्प्यात प्रतिसाद ५९.३ वरून ६६.४ टक्क्यांवर गेला, आणि पूर्वी कधीच उत्तर न दिलेल्यांमध्ये तो १२.५ वरून २३.९ टक्के झाला. संस्कृतीत खोलवर रुजलेला म्हणून गणला गेलेला नकार कमी नमुने मागितल्याने इतका सैल होत असेल, तर त्यातील मोठा भाग नुसत्या गैरसोयीचा होता, हे मान्य करणे भाग आहे.

येथे अमर्त्य सेन यांनी केलेला भेद उपयोगी पडतो. उपास करणारा आणि उपासमार सोसणारा असे दोघेही जेवत नाहीत. पण पहिल्यापुढे जेवण्याचा पर्याय असतो आणि दुसऱ्यापुढे नसतो. इंग्लंडच्या तपासणी कार्यक्रमात चाचणीचा संच टपालाने घरी येतो आणि त्याला पैसे पडत नाहीत, तरीही पहिल्या सुमारे २६ लाख निमंत्रणांच्या विश्लेषणात सर्वांत संपन्न वस्त्यांतील ६१ टक्के लोकांनी प्रतिसाद दिला, तर सर्वांत वंचित वस्त्यांतील केवळ ३५ टक्के लोकांनी. विनामूल्य असणे आणि आवाक्यात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतील डेलावेअर राज्याने याचा अर्थ नीट ओळखला. तेथे विमा नसलेल्यांच्या तपासणीचा आणि उपचाराचा खर्च राज्याने उचलला, आणि तारीख ठरवण्यापासून पोट साफ करण्याच्या पूर्वतयारीपर्यंत सोबत करणाऱ्या परिचारिका नेमल्या. कृष्णवर्णीयांमधील तपासणीचे प्रमाण २००२ मधील ४८ टक्क्यांवरून २००९ पर्यंत ७४ टक्क्यांवर, म्हणजे गोऱ्या नागरिकांच्या बरोबरीला पोहोचले. या सात वर्षांत कोणाची ईश्वरावरील श्रद्धा बदलली असेल असे मानण्यास आधार नाही. ज्यांनी आपल्या वस्तीत कर्करोगाचे निदान नेहमी उशिराच झालेले पाहिले, त्यांनी निदान आणि मृत्यू एकच मानावेत, हा भाबडेपणा नसून अनुभवावरून काढलेले अनुमान आहे.

तथापि यावरून तपासणी हे प्रत्येकाचे नैतिक कर्तव्य ठरत नाही. ब्रिटिश रोगपरिस्थितिशास्त्रज्ञ जेफ्री रोझ यांनी ‘प्रतिबंधाचा विरोधाभास’ मांडला: समाजाला मोठा लाभ देणारा उपाय त्यात सहभागी होणाऱ्या प्रत्येकाला फारच थोडे देतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्डिक या युरोपीय अभ्यासात दहा वर्षांत एक कर्करोग टाळण्यासाठी ४५५ जणांना कोलोनोस्कोपीचे निमंत्रण द्यावे लागले. निमंत्रितांपैकी ४२ टक्केच प्रत्यक्ष आले होते, म्हणून हा आकडा तपासणीच्या सामर्थ्याचे पूर्ण माप नव्हे. तरीही बहुसंख्यांना ना रोग होणार होता ना लाभ मिळणार होता, आणि आतड्याला छिद्र पडण्याचा लहानसा धोका मात्र तपासणीला आलेल्या सर्वांनी पत्करला, हे खरेच. हे सारे समजून घेऊन ‘नको’ म्हणणाऱ्याला अज्ञानी ठरवणे अन्याय आहे. प्रतिसादाची टक्केवारी हेच ध्येय झाले की हा अन्याय नकळत घडू लागतो.

म्हणून कर्तव्याचा भार आधी निमंत्रण देणाऱ्यावर येतो. जे शासन नागरिकाकडे नमुना मागते, ते रक्त आढळल्यास कोलोनोस्कोपी आणि गरज पडल्यास उपचार पुरवण्यास बांधील होते. ती सोय नसेल तर चाचणी केवळ भीती पसरवते. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांची तपासणी आहे, मोठ्या आतड्याची नाही, आणि पाश्चात्य देशांच्या तुलनेत येथे या रोगाचे प्रमाण कमी असल्याने हा क्रम समर्थनीय आहे. येथील निकड त्याआधीच्या पायरीवर आहे: शौचावाटे रक्त जाणाऱ्या कित्येकांना मूळव्याध समजून महिनोन्‌महिने मलम आणि चूर्णे दिली जातात, आणि डॉक्टरने हातमोजा घालून बोटाने केलेली गुदपरीक्षा, जिला यंत्र लागत नाही आणि फारसा वेळही लागत नाही, रुग्ण आणि डॉक्टर या दोघांच्याही संकोचापायी राहून जाते.